शोकशल्य आणि हर्षोपाय : युद्धातून परतलेल्या सैनिकाच्या चिकित्सेत कलासाधनेचे स्थान

प्रस्तावना

अमरावती व अकोला या दोन्ही जिल्ह्यांत सैन्यातून आणि निमलष्करी दलांतून निवृत्त होऊन आलेली माणसे गावोगावी आढळतात. शिपाई म्हणून भरती झालेला जवान पंधरा-सतरा वर्षांची सेवा करून चाळिशीच्या सुमारास घरी परततो आणि पुढील आयुष्य शेती, सुरक्षारक्षकाची नोकरी किंवा लहानसा व्यवसाय यांत घालवितो. १९६५ व १९७१ च्या युद्धांत लढलेले सैनिक आज वृद्ध झाले आहेत. १९८७ ते १९९० या काळात श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेले साठीच्या आसपास वा पुढे आहेत. १९९९ च्या कारगिल युद्धातील जवान आज प्रौढ वयात आहेत. काश्मीर आणि ईशान्य भारतातील दीर्घ बंदोबस्तात सेवा केलेल्यांची संख्या याहून वेगळी.

यांतील बहुतेक जण शरीराने व मनाने सुदृढ असतात, हे प्रथमच सांगितले पाहिजे. परंतु काहींच्या बाबतीत युद्ध संपते आणि युद्धाची वेदना मात्र शिल्लक राहते. असा रुग्ण वैद्याकडे येतो तेव्हा मनाची तक्रार घेऊन येत नाही. झोप लागत नाही, अन्न पचत नाही, वारंवार शौचास जावे लागते, छातीत धडधडते, डोके जड होते, अशा तक्रारी तो सांगतो. सोबत आलेली पत्नी मात्र निराळे सांगते. रात्री ते दचकून उठतात, दिवाळीत फटाके वाजू लागले की वावरात जाऊन बसतात, क्षुल्लक कारणावरून संतापतात, लग्नकार्यात जाण्याचे टाळतात. वैद्याने पहिल्याच्या तक्रारीवर चूर्ण दिले आणि दुसरीचे बोलणे ऐकून सोडून दिले, तर चिकित्सा अर्धीच राहते.

या व्याधीस आधुनिक वैद्यकात आघातोत्तर ताणविकार असे म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली त्यास आपल्या निदानसूचीत स्वतंत्र स्थान दिले. पहिल्या महायुद्धात याच व्याधीस 'शेल शॉक' म्हणत, आणि कित्येकदा तीस भेकडपणा समजत. अशा रुग्णास औषधाबरोबर चित्र, मूर्ती, विणकाम, गायन अशा कलासाधनेची जोड द्यावी काय, द्यावयाची तर कोणत्या शास्त्राधारावर, कशी आणि कोठवर, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानात युक्तसेनीय नावाचा स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. सैन्याबरोबर जाणाऱ्या वैद्याची कर्तव्ये त्यात सांगितली आहेत. ज्या शल्यतंत्राचा जन्मच बाणांच्या जखमांतून झाला, त्या तंत्राने शल्याची व्याख्या मात्र केवळ शरीरापुरती ठेवली नाही. यंत्रविधी अध्यायात, जे मनास व शरीरास पीडा देते ते शल्य होय, अशा अर्थाचे वर्णन आहे. मनाचा उल्लेख तेथे शरीराच्या आधी येतो.

पुढे शल्यापनयनीय अध्यायात शरीरात घट्ट न रुतलेले शल्य काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत. स्वभावाने बाहेर पडणे, पाचन, भेदन, पीडन, प्रक्षालन, चोषण, अयस्कांत म्हणजे लोहचुंबक असा क्रम लावून आचार्य शेवटी 'हर्ष' हा पंधरावा उपाय सांगतात. अनेक कारणांनी उत्पन्न होऊन हृदयात राहिलेले शोकरूपी शल्य हर्षाने काढावे, असा त्याचा विनियोग आहे. शिकताना आपण सर्वांनी ही यादी पाठ केलेली असते. चौदा उपायांची साधने आपल्या शस्त्रपेटीत वा औषधालयात सापडतात. पंधराव्याचे साधन कोणते, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही.

चरकाचार्यांनी अतिसाराच्या सहा प्रकारांत भयज व शोकज असे दोन स्वतंत्र प्रकार मानले आहेत. त्यांच्या चिकित्सेत वातहर क्रियेबरोबर हर्षण आणि आश्वासन यांचा निर्देश आहे. वारंवार शौचास जाणाऱ्या निवृत्त जवानास केवळ ग्राही औषध देऊन काम भागत नाही, याचे कारण येथे स्पष्ट होते. हर्षण आणि आश्वासन ही दोन्ही कर्मे तेथे जोडीने आली आहेत, हेही लक्षात ठेवावे. ज्याला अजून सुरक्षित वाटत नाही त्याला आनंद देता येत नाही. आश्वासन आधी, हर्षण नंतर, असा क्रम आम्ही यातून घेतो.

त्रिविध औषधांत दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्यानंतर सत्त्वावजय येतो. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हे त्याचे स्वरूप आहे. रिकाम्या मनाला केवळ 'विचार करू नका' असे सांगून आवरता येत नाही, त्याला दुसरा विषय द्यावा लागतो. चिंत्य, विचार्य, ऊह्य, ध्येय व संकल्प्य असे मनाचे पाच विषय चरकाचार्यांनी शारीरस्थानात सांगितले आहेत. मातीचा बैल घडविणाऱ्या माणसाचा विचार करा. काय घडवावे हे चिंत्य, माती किती ओली ठेवावी हे विचार्य, शिंगाचा भार मान पेलेल काय हे ऊह्य, समोर ठेवलेली आकृती ध्येय, आणि आज वशिंड पूर्ण करू हा संकल्प. पाचही विषय एका बैठकीत हातांपुढे येतात. हे विवेचन ग्रंथात या शब्दांत नाही, सिद्धांतावरून केलेला हा आमचा तर्क आहे.

या व्याधीत स्मृती नष्ट झालेली नसते. उलट ती नको तेव्हा, नको तितकी उसळून येते. बिघाड होतो तो मनाला आवरून धरणाऱ्या धृतीचा. म्हणून चिकित्सेचे लक्ष्य विस्मरण हे नसून धृतीचे पुनःस्थापन हे असावे.

सैनिक चित्रकार : एड्रियन हिल

'आर्ट थेरपी' हा शब्द आज सर्वत्र रूढ आहे. तो प्रचारात आणणारा मनुष्य वैद्य नव्हता, सैनिक होता. एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराचा जन्म १८९५ सालचा. पहिल्या महायुद्धात तो पश्चिम आघाडीवर टेहळणी करणाऱ्या व नेमबाजांच्या तुकडीत होता. दोन्ही सैन्यांच्या खंदकांमधील निर्मनुष्य पट्ट्यात शिरून शत्रूच्या ठाण्यांची रेखाटने करणे हे त्याच्या तुकडीचे काम होते. १९१७ साली इम्पीरियल वॉर म्युझियमने आघाडीची दृश्ये चित्रित करण्यासाठी त्याची नेमणूक केली.

पुढे १९३८ मध्ये हिलला राजयक्ष्मा झाला आणि तो इंग्लंडमधील मिडहर्स्ट येथील आरोग्यधामात दाखल झाला. त्या काळी क्षयावर रामबाण औषध नव्हते. रुग्णाने महिनोन्महिने अंथरुणावर पडून राहावयाचे, हाच उपचार. हिलने त्या अवस्थेत अंथरुणावरूनच समोर दिसतील त्या वस्तूंची रेखाटने सुरू केली. आपले मन त्यामुळे व्याधीपासून दूर राहते, असा अनुभव त्याला आला. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर युद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांना व नंतर इतर रुग्णांना चित्रकला शिकविण्याचे काम त्याच्याकडे आले. १९४२ साली त्याने आपल्या पद्धतीस 'आर्ट थेरपी' असे नाव दिले. १९४५ मध्ये या विषयावरील त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे निधन १९७७ साली झाले.

वैद्यांच्या दृष्टीने यात एक गोष्ट महत्त्वाची आहे. हिलने कलेला क्षयाचे औषध म्हटले नाही. दीर्घ व्याधीत जे मन खचते, त्या मनाला उभे करण्याचे साधन म्हणून त्याने ती वापरली. मुख्य चिकित्सा चालूच होती. हे उपक्रमाचे स्थान आपणही सोडू नये.

दुसरी बाजू : ऑटो डिक्स

जर्मन चित्रकार ऑटो डिक्स याचे उदाहरण याच्याबरोबरच वाचले पाहिजे. तो पहिल्या महायुद्धात मशीनगन चालविणारा सैनिक होता आणि सोमच्या लढाईतून गेला होता. पडक्या घरांतून सरपटत जात असल्याची स्वप्ने युद्धानंतर वर्षानुवर्षे पडत राहिली, असे त्याने पुढे सांगितले आहे. १९२४ साली त्याने युद्धावरील ५० मुद्राचित्रांचा संच प्रसिद्ध केला. खंदक, कुजलेली प्रेते, विषारी वायूचे मुखवटे, वेडे झालेले सैनिक, सारे त्यात आहे. चित्रकलेच्या इतिहासात हा संच श्रेष्ठ मानला जातो.

कलेची श्रेष्ठता आणि कलावंताचे स्वास्थ्य या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे डिक्सच्या उदाहरणावरून ध्यानात यावे. 'जे पाहिले ते कागदावर उतरवून टाका म्हणजे मन मोकळे होईल' हा सल्ला ऐकावयास सोपा वाटतो. परंतु भयंकर दृश्य पुन्हा पुन्हा रेखाटण्याने ते निघून जाईलच असे नाही. शारीरस्थानात सुश्रुताचार्यांनी तीन विशल्यघ्न मर्मे सांगितली आहेत, दोन उत्क्षेप आणि एक स्थपनी. त्यांत रुतलेले शल्य राहिले, किंवा पाक होऊन आपोआप गळून पडले, तर मनुष्य जगतो. ते ओढून काढले तर दगावतो. मनाच्या शल्यालाही हा विवेक लागू करावा, असे आम्हास वाटते.

आधुनिक अनुभवही याच दिशेचा आहे. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत रुग्णाकडून सर्व प्रसंग वदवून घेण्याची पद्धत एकेकाळी प्रचारात होती. तिने लाभ होत नाही, क्वचित हानी होते, असे परीक्षणांत दिसून आल्यामुळे ती मागे पडली. आघाताच्या स्मृतीवर थेट काम करणारी मानसोपचार पद्धती आज उपलब्ध आहे आणि ती गुणकारीही आहे. परंतु ती प्रशिक्षित तज्ज्ञाने, पायरीपायरीने करावयाची असते. आपल्या दवाखान्यात ते कर्म करू नये.

हातांना काम : एडिंबरोपासून खडकीपर्यंत

पहिल्या महायुद्धात स्कॉटलंडमधील एडिंबरोजवळ क्रेगलॉकहार्ट येथे शेल शॉक झालेल्या अधिकाऱ्यांसाठी रुग्णालय होते. तेथील डॉ. आर्थर ब्रॉक हे उद्योगाद्वारे उपचार करीत. रुग्णाचा भोवतालच्या जगाशी तुटलेला संबंध कामाच्या द्वारे पुन्हा जोडावा, हा त्यांचा विचार होता. कवी विल्फ्रेड ओवेन हे १९१७ साली त्यांचे रुग्ण होते, आणि तेथे असताना त्यांनी रुग्णालयाच्या नियतकालिकाचे संपादनही केले. लंडनमध्ये १९१८ साली जायबंदी सैनिकांसाठी भरतकामाचा उद्योग उभा राहिला. त्यामागे अर्नेस्ट थेसिगर हा नट होता, जो स्वतः युद्धात जखमी झालेला होता. सुईदोरा हे बायकांचे काम, असा आक्षेप तेव्हाही होता. अंथरुणाला खिळलेल्या सैनिकास मात्र ते काम बसल्याजागी करता येई आणि त्यातून चार पैसेही मिळत.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. पहिल्या महायुद्धातून अपंग होऊन परतलेल्या भारतीय सैनिकांसाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली. पुढे ती पुण्याजवळ खडकीस गेली. तेथे सैनिकांना हस्तव्यवसाय शिकवून पायावर उभे करण्याचे कार्य चालत आले आहे. खडकीतच १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. मणक्याच्या इजेमुळे ज्यांचे शरीर लुळे पडले असे सैनिक तेथे राहतात. हातही चालत नाहीत अशा काही निवासी सैनिकांनी तोंडात कुंचला धरून चित्रे काढण्याची कला तेथे आत्मसात केली आहे. मान व जबडा एवढेच ज्याच्या ताब्यात उरले, त्याने त्या दोहोंवर इतका अधिकार मिळवावा की एक रेघ मनाप्रमाणे उमटावी, यास वर्षांची साधना लागते. धृतीचे पुनःस्थापन म्हणून आम्ही वर जे म्हटले, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

कलेऐवजी क्रीडेचा मार्ग घेतलेले उदाहरणही येथे नोंदविणे योग्य होईल. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचार म्हणून सुरू केलेल्या जलतरणात त्यांनी एवढे प्रावीण्य मिळविले की १९७२ साली जर्मनीतील हायडलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर शर्यतीत सुवर्णपदक पटकाविले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. साधन भिन्न असले तरी तत्त्व तेच आहे. जे गेले त्याचा शोक करणाऱ्या मनास, जे उरले त्याचे कौशल्य वाढविण्याचा विषय मिळाला.

आजचे प्रमाण किती?

अमेरिकेत बेथेस्डा येथील वॉल्टर रीड या लष्करी रुग्णालयाच्या आवारात २०१० साली मेंदूस मार लागलेल्या व आघाताने पीडित सैनिकांसाठी विशेष केंद्र सुरू झाले. तेथे सैनिकांना कोरा मुखवटा देऊन तो हवा तसा रंगविण्यास सांगतात. शब्दांत जे सांगता येत नाही ते कित्येक जण त्या मुखवट्यावर दाखवितात, आणि तेथून चिकित्सकाशी बोलणे सुरू होते. हे कार्य प्रशिक्षित कलोपचारतज्ज्ञ करतात आणि ते औषध व मानसोपचार यांच्या जोडीने चालते.

फिलाडेल्फियातील ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटे कलाकृती केली. त्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसोल या ताणदर्शक द्रव्याचे प्रमाण घटलेले आढळले. पूर्वी कला शिकलेले व न शिकलेले यांच्यात विशेष फरक दिसला नाही. मात्र हे लोक सैनिक नव्हते, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि मोजमाप एकाच बैठकीचे होते. एकूणच या क्षेत्रातील परीक्षणे लहान आहेत. 'कलेने व्याधी बरी होते' असे विधान करण्याइतके प्रमाण आज नाही. 'सहायक उपाय म्हणून योजण्यास हरकत नाही' एवढे म्हणता येते.

वऱ्हाडातील साधने

चित्रकलेचा वर्ग, रंगांच्या नळ्या, कॅनव्हास यांची येथे आवश्यकता नाही. आपल्या गावांत कलेची साधने सणांबरोबर येतात. पोळ्याला मातीचे बैल घडतात, भाद्रपदात गणपती व महालक्ष्म्या बसतात, त्यानंतर भुलाबाई येते. मेळघाटात बांबूकाम आहे. भजनी मंडळ तर बहुतेक गावांत असते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६२ व १९६५ च्या युद्धकाळात सीमेवर जाऊन जवानांसमोर भजने गायिले, हे वऱ्हाडात सर्वांना ठाऊक आहे. गुरुकुंज मोझरीची ही परंपरा ज्याच्या घरी आहे, त्या निवृत्त जवानाच्या हाती खंजिरी देणे हा अगदी स्वाभाविक उपाय ठरू शकतो. त्याला 'उपचार' असे नावही देण्याची गरज पडत नाही, आणि ज्याला वेड्यांच्या डॉक्टरकडे जाण्याची लाज वाटते त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे.

योजना कशी करावी?

१. प्रथम निदान. स्फोटाजवळ असल्याचा, डोक्यास मार लागल्याचा इतिहास विचारावा. मधुमेह, अवटु ग्रंथीचे विकार व रक्तदाब तपासून घ्यावा. मद्यपानाची मात्रा स्पष्ट विचारावी. 'जगणे नकोसे वाटते काय, जीव देण्याचा विचार येतो काय' हेही शांतपणे विचारावे. असे विचारल्याने तो विचार रुग्णाच्या मनात नव्याने येत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते.

२. आश्वासन व निद्रा. पहिले काही आठवडे वातशमनावर भर द्यावा. अभ्यंग, रात्री काशाच्या वाटीने पादाभ्यंग, स्निग्ध व वेळेवर आहार, प्रकृती व अग्नी पाहून ब्राह्मी घृत वा कल्याणक घृत, सोय असल्यास शिरोधारा, अशी योजना करावी. शिरोधारेपूर्वी डोळ्यांवर पट्टी सहन होईल काय हे विचारावे. कित्येकांना डोळे झाकलेले सोसत नाही. उन्मादचिकित्सेत वर्णिलेले त्रासन येथे सर्वथा वर्ज्य समजावे. भय हेच ज्या व्याधीचे कारण, तेथे भय हा उपाय होऊ शकत नाही. कारणाच्या विरुद्ध भावाने चिकित्सा करावी, हा आचार्यांचाच नियम आहे.

३. साधनाची निवड. रुग्णाच्या हातांना पूर्वी काय येत होते ते विचारावे. बालपणी बैल घडवीत होता काय, पलटणीत ढोल वाजवीत होता काय, आई गोधडी शिवत होती काय. वातप्रधान, अतिजागरूक रुग्णास ओली माती, विणकाम अशी संथ व आवाज न करणारी कामे द्यावीत. जो दिवसभर पडून राहतो, त्यास उठून हालचाल करावी लागेल असे काम द्यावे. हातोड्याच्या आघाताने, यंत्राच्या घरघरीने काही जण दचकतात. सुतारकाम सुचविण्यापूर्वी हे पाहावे.

४. स्थान व काल. रोज ठराविक वेळी, अर्धा तास पुरे. पाठीमागे भिंत असावी आणि दार समोर दिसावे, म्हणजे मागून कोणी येईल ही धास्ती राहत नाही. घरातील मुलांनी मागून येऊन हाक मारू नये.

५. विषय. युद्ध रेखाटा, असे कधीही सांगू नये. रुग्णाने आपणहून रेखाटले तर पाहावे, दोन शब्द ऐकून घ्यावेत, अर्थ लावू नये. ते चित्र त्याच्या अनुमतीवाचून कोणासही दाखवू नये आणि दवाखान्यात लावू नये. कलाकृती चांगली की वाईट हा विचार येथे गौण आहे. ती पूर्ण होणे महत्त्वाचे.

६. संगत. दोन-तीन महिन्यांनी, रुग्णाची इच्छा असल्यास, भजनी मंडळात वा गणपती घडविणाऱ्यांत बसण्यास सुचवावे. दुसरा एखादा निवृत्त जवान सोबत मिळाल्यास उत्तम. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून अशा मंडळींचा संपर्क होऊ शकतो.

७. नोंद. झोपेचे तास, रात्री दचकून उठण्याच्या वेळा, संतापाचे प्रसंग, मद्याचे प्रमाण, मलप्रवृत्ती, या पाच गोष्टी दर पंधरा दिवसांनी लिहून ठेवाव्यात. तीन महिन्यांत फरक न दिसल्यास तज्ज्ञाकडे पाठविण्यात विलंब करू नये. कलासाधनेनंतर झोप बिघडत असेल, वाईट स्वप्ने वाढत असतील, तर ते साधन त्वरित थांबवावे.

औषधविक्रेते बंधूंसाठी

असा रुग्ण कित्येकदा दवाखान्यात न येता थेट दुकानात येतो आणि 'झोपेचे काही द्या' म्हणतो. तेव्हा पुढील गोष्टींचे भान ठेवावे.

सर्पगंधायुक्त कल्प वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत. रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यास त्यांचा अतियोग होऊ शकतो, आणि मन आधीच खिन्न असल्यास खिन्नता वाढू शकते.

अश्वगंधारिष्ट, सारस्वतारिष्ट हे उत्तम कल्प आहेत. परंतु आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश असतो. निवृत्त जवानास कँटीनमधून मद्य सुलभतेने मिळते, आणि झोपेसाठी त्याचा आश्रय घेणारे थोडे नाहीत. ज्याने मद्य सोडले आहे, विशेषतः जो मद्य सोडविण्याच्या डायसल्फिराम या गोळ्या घेत आहे, त्यास आसव-अरिष्ट देऊ नये. त्याच द्रव्यांचे चूर्ण, घृत किंवा वटी द्यावी.

मानसोपचारतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्या 'आयुर्वेदिक सुरू केले, आता बंद करा' असे सांगून थांबवू नयेत. त्या एकाएकी बंद केल्याने रुग्णाची अवस्था अधिक बिघडते.

रंगांविषयीही एक सूचना आहे. हिंगूळ, हरताळ, मनःशिला, सिंदूर ही द्रव्ये पूर्वी रंग म्हणून वापरली जात, आणि ती आपल्या दुकानांत असतात. पारद, सोमल व नाग यांचे ते समास आहेत. कोणी चित्रासाठी मागितल्यास देऊ नयेत. गेरू, हळद, नीळ, काजळी, शाडू एवढे पुरेसे आहे. श्वासाच्या रुग्णास टर्पेंटाइन लागणारे तैलरंगही सुचवू नयेत.

मर्यादा

आत्मघाताचा विचार, घरातील माणसांवर हात उगारणे, जवळ शस्त्र असणे, मद्याची तीव्र आसक्ती, भ्रम वा आभास, अन्नपाणी सोडणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास कलासाधना किंवा घृतपान यांत दिवस घालवू नयेत. घरातील परवान्याचे शस्त्र, कीटकनाशके व धारदार हत्यारे तात्पुरती दुसऱ्याच्या ताब्यात देण्यास कुटुंबियांस सांगावे. शेतकरी घरात कीटकनाशकाची बाटली सहज हाताशी असते, हे आपण विसरू नये. रुग्णास त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात पाठवावे. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेली 'टेली मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. तीतून तज्ज्ञांकडे जाण्याची सोय होते. अशा रुग्णास पाठवून देणे म्हणजे आपण हात टेकणे, असे समजू नये. औषधोपचार व सत्त्वावजय पुढेही त्याच्या जोडीने चालविता येतो.

उपसंहार

शोकशल्यावर हर्ष हा उपाय सुश्रुताचार्यांनी शल्यतंत्राच्याच यादीत ठेवला, यात मोठा अर्थ आहे. तो विरंगुळा म्हणून सांगितलेला नाही. इतर चौदा उपायांप्रमाणे त्यालाही स्थान, काल, मात्रा, योग्य व अयोग्य रुग्ण यांचा विचार लागतो. हिलच्या उदाहरणातून त्याचे सामर्थ्य दिसते, डिक्सच्या उदाहरणातून त्याची मर्यादा, आणि खडकीच्या निवासी सैनिकांकडून त्यास लागणारा काळ कळतो.

आपल्या संघटनेच्या सभासदांनी असे रुग्ण हाताळताना वर सांगितलेल्या पाच गोष्टींची नोंद ठेवावी आणि रुग्णाची ओळख गुप्त राखून ती शाखेच्या मासिक बैठकीत मांडावी. वर्षभरात अमरावती व अकोल्यातून वीस-पंचवीस रुग्णांच्या नोंदी जमल्या तरी पुढील पाठ अधिक पक्क्या पायावर लिहिता येईल. तूर्त एक काम प्रत्येकाने करावे. पोळा झाला की दिवाळी दूर नसते. आपल्या यादीतील निवृत्त जवानांना फटाके सुरू होण्यापूर्वी एकदा पुनःपरीक्षणास बोलवावे, आणि त्यांच्यासोबत त्यांच्या पत्नीसही बसवून घ्यावे.